आता कुणाला दाखवायचंय?

मराठीत काही प्रश्न असे आहेत की ते नुसते विचारायचे असतात, त्यांना उत्तर द्यायचं नसतं. 'काय, आज इकडे कुठे?', 'झाला का चहा?', 'बाकी सगळं ठीक?' ही त्यांतली गरीब जात. यांना कुणी खरोखरच उत्तर द्यायला बसलं तर विचारणाराच घड्याळाकडे बघू लागतो. दुसरी जात मात्र डसणारी. तिच्यात पहिला नंबर 'आता कुणाला दाखवायचंय?' या प्रश्नाचा.

हा प्रश्न पुरुषांना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. बाईलाही पंचेचाळिशीच्या आत तो कुणी विचारत नाही. पुढे मात्र तिने भुवया कोरल्या, चालायला जायचं म्हणून बूट आणले, केसांना कलप लावला, फार काय, दुधाचा कप स्वतःसाठी भरून घेतला, तरी हा प्रश्न हजर. विचारणारी बहुधा बाईच असते आणि तिचा स्वर अगदी मायेचा असतो. 'अगं, राहू दे ना. आता कुणाला दाखवायचंय?'

गंमत अशी की विसाव्या वर्षी याच बाईच्या मागे घर हात धुऊन लागलेलं असतं. 'जरा नीट राहा, उन्हात फिरू नकोस, डाळीचं पीठ लाव, मुलगी दाखवायचीय.' मुलगी 'दाखवणं' हा आपल्या भाषेतला रूढ शब्दप्रयोग. पोह्यांच्या बश्या, सनईची कॅसेट आणि त्यांच्या मधोमध दाखवण्याची वस्तू! पुढे लग्न होतं, मुलं होतात, मुलांची लग्नं होतात आणि प्रदर्शन संपलं असं जाहीर होतं. प्रदर्शन संपल्यावर मांडवातल्या वस्तूंचं जे होतं तेच मग बाईचं व्हावं, अशी सर्वांची प्रेमळ अपेक्षा असते. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर.

नेमक्या याच सुमाराला आपल्या शरीरात एक मोठी घडामोड होते. तिचं शास्त्रीय नाव रजोनिवृत्ती. सेवानिवृत्तीची ही सख्खी बहीण असली तरी दोघींच्या नशिबात जमीनअस्मानाचा फरक. सेवानिवृत्तीला शाल मिळते, श्रीफळ मिळतं, साहेबांचं भाषण होतं आणि फंडाचे पैसे येतात. रजोनिवृत्तीत यातलं काही नाही. पूर्वी मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की तिला मखरात बसवून सोहळा करीत. पाळी जाताना मात्र तिला कुणी निरोप देत नाही. नारळ मिळतो, पण तो आपल्याला मिळतो.

शिवाय ती जाते तीही सरळ नाही. सलग बारा महिने आली नाही म्हणजे गेली, असा वैद्यकाचा हिशेब आहे. म्हणजे गेल्याचं कळतं ते वर्षानंतर. आमच्या वडाळा रोड स्टेशनवर हार्बरची शेवटची गाडी गेली की नाही हे जसं फलाटावर पाऊण तास उभं राहिल्यावरच समजतं, तसंच हे. आपल्याकडे हे वय सरासरीने ४६-४७, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे या एका बाबतीत तरी आपण त्यांच्या चार वर्षं पुढे आहोत!

गाडी जाण्याआधी आणि गेल्यावरही काही वर्षं जी धामधूम चालते, ती सगळ्यांना ठाऊक असून कुणीच बोलत नाही. अंगातून एकदम गरम वाफा निघतात. रात्री झोप उडते. केस कंगव्यात जास्त आणि डोक्यावर कमी दिसू लागतात. कातडी सैल पडते, कोरडी होते. कमरेचा घेर न सांगता सरकतो. त्यातून वडाळ्यासारख्या समुद्राकाठच्या, मिठागरांच्या शेजारच्या हवेत राहणाऱ्या बाईची पंचाईत अशी की मे महिन्यात 'मला घाम येतोय' म्हटलं तर घरातला प्रत्येक जण 'मलाही येतोय' म्हणतो. आमच्या घरी पंख्याच्या बटनावरून जे शीतयुद्ध दोन वर्षं चाललं, त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. मी पाचावर करायची, हे उठून दोनावर आणून पुन्हा चादर ओढून घ्यायचे. भांडण कधी झालं नाही. बटन मात्र बदलावं लागलं.

तर अशा या अवस्थेत बाईने आपल्या शरीराकडे आणि दिसण्याकडे लक्ष द्यावं की देऊ नये? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर पाच बागांत रोज सकाळी तत्त्वज्ञानाचा वर्ग भरतो. वडाळ्याहून चालत गेलं की पारशी कॉलनीतल्या त्या बागा लागतात. तिथे आम्हा सात-आठजणींचा कंपू आहे. त्यात दोन पंथ आहेत. एक निसर्गवादी, दुसरा कलपवादी.

निसर्गवादी पंथाच्या प्रमुख आमच्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचं म्हणणं असं : वय ही सत्य गोष्ट आहे, पांढरे केस हे सत्याचे पुरावे, म्हणून त्यांना काळं करणं म्हणजे सरळसरळ खोटं बोलणं. कलपवादी पंथाचं पुढारीपण एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्या म्हणतात, 'मग तुम्ही कवळी का बसवलीत? ते दात तरी तुमचेच आहेत का?' इथे वर्ग तात्पुरता सुटतो.

मला विचाराल तर शिक्षिकाबाईंचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कवळी, चष्मा, कानातलं यंत्र, पाठीचा पट्टा या साऱ्या गोष्टी वयाला हुलकावणी देणाऱ्याच. त्यांना आपण खोटेपणा म्हणत नाही. खोटं बोलणं म्हणजे कुणाचीतरी फसवणूक आणि तिच्यामुळे त्याचं काही नुकसान. माझ्या काळ्या केसांमुळे फसून कुणाचं काय नुकसान होणार आहे? बसमध्ये मला कुणी जागा देणार नाही, एवढंच. म्हणजे नुकसान माझंच. बरं, हे खोटंही किती टिकाऊ? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तिसऱ्या आठवड्यात भांगातून सत्य स्वतःच डोकं वर काढतं. जगात दर तीन आठवड्यांनी आपोआप उघडं पडणारं दुसरं खोटं मला तरी दाखवा. (कलपाबाबत खरी सावधगिरी नीतीची नसून कातडीची आहे. कित्येकींना तो बाधतो. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी, मग डोक्याला हात लावावा. पुढे डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.)

शिवाय या नीतीत थोडा पंक्तिप्रपंच आहे. म्हातारपण अंगावरून झटकून टाकणारे दोघे जण आपल्याला पुराणांतून लहानपणापासून भेटतात. एक ययाती, दुसरे च्यवन ऋषी. ययातीने स्वतःच्या मुलाचं तारुण्य मागून घेतलं. च्यवनांना तरुण बायको मिळाली होती, म्हणून अश्विनीकुमारांकडून त्यांचा जीर्णोद्धार करून घेण्यात आला. ययातीला निदान शेवटी पश्चात्ताप झाला. पण च्यवनांचं काय झालं? त्यांच्या नावाचा प्राश निघाला! हजारो वर्षांनंतरही तो आपण थंडीत चमच्याने खातो. 'ऋषिवर, आता कुणाला दाखवायचंय?' असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आणि शेजारच्या बाईने मेंदी लावली तर ती नटवी.

एवढं बोलल्यावर मी कलपवादी पंथात गेले असं निसर्गवाद्यांना वाटतं. पण त्यांच्या बोलण्यातही एक कणखर दाणा आहे, आणि तो नाकारता येत नाही. त्या म्हणतात, 'एकदा का म्हातारपण हा आजार ठरवला, की औषध विकणारे दारात उभे राहतात.' हे खरंच घडून गेलं आहे. अमेरिकेत रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने १९६६ साली 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिलं. बाईची पाळी जाणं हा मधुमेहासारखाच एक अभावाचा रोग आहे आणि इस्ट्रोजेनची गोळी घेतली की बाई तरुण, हसतमुख आणि नवऱ्याला हवीशी राहील, असं त्याचं सांगणं. पुस्तक धो धो खपलं. गोळ्याही खपल्या. त्यातलं गाजलेलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलं होतं. (गोमूत्राला नाक मुरडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) या डॉक्टरच्या पाठीशी औषध कंपन्यांचा पैसा होता हे पुढे बाहेर आलं. आणि २००२ साली सोळा हजारांवर बायकांवर चाललेली एक मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण दोन संप्रेरकं एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. त्या भीतीने पुढची कित्येक वर्षं ज्यांना गोळीची खरी गरज होती त्याही तिला हात लावीनात. आता डॉक्टर मधला मार्ग सांगतात : वाफांनी हैराण झालेल्या, साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला फायदा बहुधा तोट्याहून जास्त, पण तिची प्रकृती बघून. थोडक्यात, ती गोळी अमृत नाही आणि विषही नाही. औषध आहे.

पण मला त्या विल्सनमध्ये आणि आमच्या मायाळू विचारणाऱ्यांमध्ये एक विलक्षण साम्य दिसतं. त्या विचारतात, 'आता कुणाला दाखवायचंय?' तो उत्तर देतो, 'नवऱ्याला!' प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच घरातली. बाईचं शरीर हे दुसऱ्या कुणासाठीतरी नीट ठेवायचं असतं, हे दोघांनाही मान्य. वाद काय तो गिऱ्हाईक अजून उभं आहे की निघून गेलं, एवढाच.

ही समजूत किती जुनी आणि किती क्रूर होती हे पाहायला फार लांब जायला नको. नवरा गेला की बाईचे केस काढायचे, ही आपल्या उच्चवर्णीय घरांतली चाल. केस नवऱ्याला दाखवायचे होते. दाखवायचं माणूस गेलं, केसही गेले. बाईला कुणी विचारलं नाही. १८९० साली याच मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की यापुढे विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधू'चे संपादक आणि आपल्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. ज्यांना त्या कामाचे पैसे मिळत होते त्यांनीच हात आखडला. पांढरे असोत, काळे असोत की मेंदीने भगवे झालेले असोत, डोकं जिचं तिचे केस, हा सिद्धान्त आपल्या शहरात वस्तरा खाली ठेवून मांडला गेला आहे. तेव्हा कुणी कलप लावावा की लावू नये यावर मी मत देत नाही. ते डोकं माझं नाही.

मग यात नीतीचा प्रश्न उरतच नाही की काय? उरतो. पण तो कलपाच्या बाटलीत नाही. तो एका अस्सल मराठी क्रियापदात आहे : 'अंगावर काढणं'.

हा शब्दप्रयोग दुसऱ्या भाषेत कसा न्यावा ते मला अजून सुचलेलं नाही. ताप आहे, कंबर दुखते, चक्कर येते, पण डॉक्टरकडे जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, उभ्याने कामं करत राहायचं. आणि याला आपण दोष म्हणत नाही, सद्गुण म्हणतो! 'तिने सगळं अंगावर काढलं हो!' हे वाक्य आपण शोकसभेत कौतुकाने उच्चारतो.

माझी मावशी लालबागच्या चाळीत राहायची. अंगावर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दूध सगळ्यांना देऊन उरलं तर स्वतःच्या चहात. पन्नाशीनंतर तिची पाठ वाकत गेली. आम्ही म्हणायचो, 'मावशी, जरा डॉक्टरला दाखव ना.' ती म्हणायची, 'मला काय धाड भरलीय?' एकदा माझ्या आईने तिला चांगला आरसा आणून दिला. तो तिने भाचीला देऊन टाकला. 'आता कुणाला दाखवायचंय?' अडुसष्टाव्या वर्षी ती मोरीतल्या पाटावरून उठताना घसरली. उंची किती, तर चार बोटं. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती दीड वर्ष खाटेवर होती. जिने आयुष्यात कुणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाही, तिला अंग पुसून घ्यायलासुद्धा सुनेला हाक मारावी लागे. त्या दीड वर्षात ती पडून राहण्याने खचली नाही, हाक मारण्याने खचली.

हाडांचं गणित सरळ आहे. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बाईचं हाड सगळ्यांत भराभर झिजतं, आणि त्याचा आवाज होत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबाने या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे आपल्या आज्यांना भाकरी आणि तिळगूळ ठाऊक होता. फक्त तो वाढून झाल्यावर स्वतः खायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बाकी चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं आणि कोवळं ऊन. यातल्या कशालाही शृंगार म्हणता येणार नाही, तरी 'कुणाला दाखवायचंय' या प्रश्नाच्या झपाट्यात हेही सापडतं. आणि एक गोष्ट जी कुजबुजत नव्हे, मोठ्याने सांगायला हवी : वर्षभर गेलेली पाळी पुन्हा दिसली तर 'परत तारुण्य आलं वाटतं' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. थेंबभर असली तरी. ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, आणि तेव्हाच गेलं तर बहुतेक वेळा निभावतं. हीच गोष्ट सर्वांत जास्त अंगावर काढली जाते.

आमच्या मुंबईत तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीची रचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. खांब तपासतात, तुळया ठोकून पाहतात, दाखला घेतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असा कायदा लागू नाही. तिचे खांब कुणी ठोकून पाहत नाही. आणि इमारतीचा अनुभव आपल्याला हेही शिकवतो की रंग आणि दुरुस्ती यांचं भांडण नसतं. गळती बुजवायची सोडून वरून रंग फासला तर ती लबाडी. पण दुरुस्ती करून रंग दिला तर त्याला लबाडी कोण म्हणेल? उलट रंगवायला परातीवर चढलेल्या माणसालाच पहिल्यांदा तडा दिसतो. बाईचंही तसंच आहे. जी आरशासमोर रोज दोन मिनिटं उभी राहते, हातापायाला तेल चोळते, तिलाच खांदा झुकलेला दिसतो, तिच्याच हाताला छातीतली गाठ लागते. जिने आरसा देऊन टाकला, तिला कोण सांगणार?

आमच्या वडाळ्याचं विठ्ठलमंदिर म्हणजे प्रतिपंढरपूर. ज्यांना वारीला जाता येत नाही ते आषाढीला इथे रांग लावतात. देवाला रोज स्नान, रोज पोशाख, गंध, तुळशीची माळ. पंढरपूरच्या मूळ मूर्तीची तर झीज होते म्हणून २०२० साली तज्ज्ञांकडून तिच्यावर वज्रलेप करण्यात आला. साक्षात पांडुरंगाच्या कायेला लेप लागतो, आणि त्याला कुणी नटवा म्हणत नाही. कारण झीज झाली तर जपायचं असतं, हे भक्तांना कळतं. फक्त ते ज्ञान देवळाच्या पायरीपाशी चपलांबरोबर राहतं, घरी येत नाही.

म्हणून माझ्यापुरता मी निकाल लावला आहे. कलप हे खोटं असेल तर ते छोटं, निरुपद्रवी आणि तीन आठवड्यांच्या मुदतीचं. 'मला काय धाड भरलीय?' हे मात्र खोटं मोठं. ते वीस वीस वर्षं टिकतं, त्याने घरातले सगळे फसतात, त्याचं नुकसान सगळ्यांना सोसावं लागतं आणि वर त्याचं कौतुक होतं. अनीती शोधायचीच असेल तर ती इथे शोधावी.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मी हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. केस त्यांनी पांढरेच ठेवले आहेत, आणि त्यांना ते शोभतात. पण परवा जिन्यात भेटल्या त्या नवीन साडी नेसून, हातात पिशवी घेऊन. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'काय वहिनी, आज कुणाला दाखवायचंय?'

'डॉक्टरला,' त्या म्हणाल्या, 'गुडघा.' आणि कठडा धरून सावकाश खाली उतरल्या.